खिळ्यापासून संकेतापर्यंत : कानपूरचे लिपी-संशोधन आणि मराठी अक्षर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मुद्रणकलेला एक मानाचे प्रकरण मिळते. विल्यम कॅरीचे १८०५ सालचे श्रीरामपूरचे मराठी व्याकरण, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, गणपत कृष्णाजींचा छापखाना, जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे घोटीव खिळे ही नावे आमच्या पदव्युत्तर वर्गांत आदराने घेतली जातात. खिळे आले म्हणून नियतकालिक आले, नियतकालिक आले म्हणून निबंध आणि कादंबरी आली, ही कार्यकारणाची साखळीही आम्ही विद्यार्थ्यांना समजावून देतो. मात्र शिशाचा खिळा गेला आणि मराठी अक्षर संगणकात शिरले, त्या स्थित्यंतराविषयी आमचे वाङ्मयेतिहास जवळजवळ काही बोलत नाहीत. ते जणू यंत्रतंत्राचे काम, वाङ्मयाशी त्याचा संबंध नाही, असे आम्ही गृहीत धरले आहे.

हे गृहीतक तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एका अभियांत्रिकी विद्यापीठात झालेले संशोधन प्रयोगशाळेतून बाहेर कसे आले, वाटेत त्याला कोणकोणते हात लागले आणि मराठीच्या पदरात पडेपर्यंत त्याचे काय झाले, हे पाहावे लागेल. ‘तंत्रज्ञान-हस्तांतरण’ हा शब्द रूक्ष आहे खरा; पण आज आम्ही जे मराठी अक्षर टंकतो, त्याच्या घडणीचा इतिहास या शब्दाच्या पोटात दडलेला आहे.

कानपूर

कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५९ साली स्थापन झाली. १९६२ ते १९७२ या दशकात नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या संघाने तिला साहाय्य केले आणि १९६३ साली तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी संगणक प्रत्यक्ष हाताळून शिकावा, ही गोष्ट भारतात ज्या थोड्या ठिकाणी प्रथम घडली, त्यांत कानपूरचे स्थान अग्रभागी आहे. परंतु हा संगणक इंग्रजी जाणणारा होता. त्याच्या संकेतसूचीत रोमन अक्षरे होती, अंक होते, विरामचिन्हे होती. देवनागरीला तेथे जागा नव्हती, आणि ती असावी असे यंत्र बनवणाऱ्यांना वाटण्याचे कारणही नव्हते.

या संस्थेत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता यंत्राकडून देवनागरीची ओळख करून घेणे. त्यांचे मार्गदर्शक एच. एन. महाबल. या दोघांचा याच विषयावरील शोधनिबंध १९७९ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षराचे दंड, गाठी, वळणे असे घटक पाडायचे आणि ते एकमेकांना कसे जोडले जातात याचे नियम यंत्राला शिकवायचे, अशी त्यांची पद्धत होती. वाक्याचे व्याकरण असते तसे आकृतीचेही व्याकरण असते, ही त्यामागची धारणा. भाषेच्या अभ्यासकाला ही धारणा परकी वाटू नये.

वाचनाचा प्रश्न उलटा केला की लेखनाचा प्रश्न समोर येतो. यंत्राने अक्षर ओळखायचे असेल तर आकारापासून वर्णापर्यंत जावे लागते. यंत्राने अक्षर लिहायचे असेल तर वर्णापासून आकारापर्यंत यावे लागते. १९८० च्या दशकात कानपूरला या दुसऱ्या दिशेने काम सुरू झाले. देवनागरी दाखवणारे आणि स्वीकारणारे संगणकयंत्र घडवण्याचा हा प्रकल्प होता. त्यात मोहन तांबे हे तरुण अभियंते प्रमुख होते. या कामातून जे तंत्र उभे राहिले, ते ‘जिस्ट’ या संक्षिप्त नावाने पुढे प्रसिद्ध झाले.

आकार की ध्वनी?

या तंत्राचे मर्म समजून घेण्यासाठी छापखान्याकडे क्षणभर परत जावे लागेल. हाताने जुळणी करणाऱ्या कामगारापुढे देवनागरीचे शेकडो खिळे कप्प्याकप्प्यांत मांडलेले असत. अख्खे अक्षर, अर्धे अक्षर, जोडाक्षर, रफार, उकार, वेलांटी असा हा पसारा होता. तो कमी करण्यासाठी विसाव्या शतकात लिपीसुधारणेच्या किती चळवळी झाल्या! सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी त्यांतलीच एक. टंकलेखन यंत्राने तर आणखी पंचाईत केली, कारण शेहेचाळीस कळा आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हे धरली तरी सारा कारभार ब्याण्णव चिन्हांतच उरकावा लागे. जोडाक्षरे मोडकी दिसत, वेलांटी अक्षराच्या डोक्यावर नीट बसत नसे. या साऱ्या खटपटींत एक गोष्ट समान होती. लिपी म्हणजे आकारांचा संच, आणि यंत्राने हे आकार पुरवायचे, असे सर्वांनी मानले होते.

कानपूरच्या कामात हा विचार बदलला. यंत्राच्या स्मृतीत आकार साठवायचेच नाहीत, वर्ण साठवायचे, असा निर्णय तेथे झाला. ‘स्त्री’ हा शब्द यंत्रात स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दीर्घ ईकार अशा क्रमाने जातो. त्यांचे मिळून कोणते जोडाक्षर होते, ते कसे दिसते, हे पडद्यावर दाखवताना यंत्र स्वतः ठरवते. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, स्मृतीत मात्र ती ‘क’च्या नंतर असते, कारण उच्चारात ती नंतर येते. लेखनातून डोळ्याचा क्रम वगळून जिभेचा क्रम पाळण्याची ही युक्ती अभियंत्यांना वर्णमालेने सुचवली. वर्णांची कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानानुसार मांडणी आमच्या पूर्वसूरींनी फार पूर्वीच करून ठेवली होती. तिचा उपयोग अडीच हजार वर्षांनी कळफलकासाठी होईल, अशी कल्पना शिक्षाग्रंथांच्या कर्त्यांना अर्थातच नसणार.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ही मांडणी प्रत्यक्ष पाहता येते. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण ‘क’ ज्या कळीवर, महाप्राण ‘ख’ही त्याच कळीवर, फक्त शिफ्टची कळ दाबून. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांचा वर्णक्रम एकच असल्याने हाच कळफलक बंगालीला, गुजरातीला, कन्नडला आणि तेलुगूलाही चालतो. एका लिपीत टंकायला शिकलेल्याचे हात दुसऱ्या लिपीतही चालावेत, असे या योजनेत अभिप्रेत होते.

वर्ण साठवण्याच्या या पद्धतीला संकेतसूचीचीही गरज होती. या संकेताचे पहिले मसुदे १९८० च्या दशकात तयार झाले, १९८८ साली त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने तो प्रमाण म्हणून स्वीकारला. ‘इस्की’ हे त्याचे रूढ नाव. दोनशे छप्पन्न जागांपैकी पहिल्या एकशे अठ्ठावीस रोमनसाठी जशाच्या तशा राखायच्या आणि उरलेल्या भारतीय लिप्यांसाठी वापरायच्या, अशी ही व्यवस्था होती. या दुसऱ्या भागात सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांचे वर्ण एकाच सूचीत बसवले होते. ‘क’चा संकेत एकच, तो देवनागरीत दिसावा की बंगालीत, हे वेगळ्या खुणेने सांगायचे. परिणामी एका लिपीतला मजकूर यंत्र क्षणार्धात दुसऱ्या लिपीत दाखवू शके. पर्शियन-अरबी वळणाच्या लिप्या या कुटुंबात बसत नव्हत्या आणि उर्दू, सिंधी, काश्मिरी यांची सोय वेगळी करावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पुण्याकडे

प्रयोगशाळेत चालणारे यंत्र कचेरीत चालेलच असे नाही. अनेक विद्यापीठांतील संशोधने याच उंबरठ्यावर अडतात, आणि शोधनिबंध प्रसिद्ध झाला की संशोधकाचे कर्तव्य संपले असे मानण्याची रीतही जुनीच आहे. जिस्टच्या बाबतीत मात्र एक निराळा योग जुळून आला. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यावर तो देशातच घडवावा, या उद्देशाने मार्च १९८८ मध्ये पुण्याला प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. विजय भटकर त्याचे संचालक होते. १९९१ साली या केंद्राने ‘परम ८०००’ सिद्ध केला आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. त्याच केंद्रात १९८८ साली कानपूरचे जिस्ट आणि मोहन तांबे दाखल झाले, ही घटना त्या मानाने कमी गाजली. आमच्या मते मराठी लेखनव्यवहारावर तिचा परिणाम ‘परम’पेक्षा कितीतरी दूरगामी झाला.

या हस्तांतरणाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तंत्रज्ञान कागदावरून कागदावर गेले नाही. ते माणसांबरोबर गेले. अक्षर जुळवण्याचे नियम ज्यांच्या बोटांत आणि डोक्यात होते, ती माणसे प्रकल्पासह नव्या संस्थेत आली आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्याचे तेथे एका कार्डात रूपांतर झाले. हे कार्ड संगणकाच्या पोटात बसवले की त्या काळचे डॉसवर चालणारे इंग्रजी कार्यक्रम, मूळ कार्यक्रमाला हात न लावता, भारतीय लिप्यांत चालू लागत. पडद्याकडे जाणारी अक्षरे कार्ड वाटेतच अडवी आणि ती देवनागरीत काढून दाखवी. कारकुनाला नवा कार्यक्रम शिकावा लागत नसे. एखाद्या कार्यालयातली नावांची यादी मराठीत भरता येणे, अकारविल्हे लावता येणे, छापता येणे या आज क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा प्रथमच शक्य झाल्या.

खिळा परत येतो

येथवरची कथा यशाची आहे. पुढची तितकी सरळ नाही, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला आस्था वाटावी असा भाग येथूनच सुरू होतो.

१९९० नंतरच्या काही वर्षांतच विंडोज आले. डॉसच्या काळात पडद्यावर अक्षरे ठरावीक चौकटींत उमटत. कार्डाचे सारे कौशल्य त्या चौकटींवर उभे होते. विंडोजमध्ये प्रत्येक अक्षर फॉन्टमधून चित्रासारखे काढले जाऊ लागले आणि मध्ये अडवायला काही उरले नाही. वर्णापासून आकार जुळवण्याची क्षमता त्या काळच्या विंडोजमध्ये नव्हती, पेजमेकरसारख्या पानजुळणीच्या कार्यक्रमांत तर मुळीच नव्हती. प्रकाशकांना आणि वृत्तपत्रांना मात्र डीटीपी हवे होते, आणि ते लगोलग हवे होते. मग सोपा मार्ग निघाला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट तयार झाले. अर्धा ‘स’, काना, रफार, वेलांटी यांना एकेक जागा दिली गेली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशी किती नावे सांगावीत! खुद्द सी-डॅकनेही याच वाटेने जाणारे आपले फॉन्ट काढले. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे ज्याचे त्याने ठरवले होते.

हा छापखान्यातला खिळाच होता; शिशाचा नव्हता इतकेच. लिपी म्हणजे आकारांचा संच, ही जुनी दृष्टी मागच्या दाराने परत आली. फॉन्टधारी मजकुरात ‘किती’ची वेलांटी ‘क’च्या आधीच साठवली जाऊ लागली. फॉन्ट काढून घेतला की मजकुराच्या जागी रोमन चिन्हांचा निरर्थक पसारा दिसे. देशाचे प्रमाण १९९१ सालीच ठरलेले असताना मराठी ग्रंथव्यवहार त्यापुढची दीड-दोन दशके प्रमाणाबाहेर चालला.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न सोपा नाही. प्रकाशकाला पुस्तक छापायचे होते आणि छापील पानावर कोणताही फरक दिसत नव्हता. फॉन्ट विकणाऱ्यांनी खरी गरज भागवली. त्यांच्याविना नव्वदच्या दशकातली मराठी पुस्तके निघालीच नसती. तरीही किंमत मोजावी लागली आहे. त्या काळात कथा, कविता, समीक्षा, दिवाळी अंक यांचा जो प्रचंड मजकूर संगणकावर जुळवला गेला, त्याच्या मूळ फायली जेथे उरल्या आहेत तेथेही त्या बऱ्याच अंशी मुक्या आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, त्यांची शब्दसूची करता येत नाही, एका कवीच्या दोन संग्रहांतील शब्दकळा ताडून पाहता येत नाही. रूपांतराचे कार्यक्रम आहेत. पण प्रत्येक फॉन्टची कुळकथा वेगळी असल्याने ते काम किचकट ठरते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आज शोधण्याजोग्या रूपात उपलब्ध आहे आणि १९९५ च्या कादंबरीची फाईल वाचता येत नाही, असा हा विपर्यास आहे.

युनिकोड आणि मराठीची गैरहजेरी

दरम्यान कानपूरच्या विचाराला जागतिक वाट फुटली होती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. वर्ण साठवायचे, आकार यंत्राने जुळवायचे, हे तत्त्व कायम राहिले. एक गोष्ट मात्र बदलली. इस्कीत सर्व लिप्यांचा ‘क’ एक होता. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. घरांची रचना समांतर ठेवल्याने देवनागरीचा, बंगालीचा आणि गुजरातीचा ‘क’ आपापल्या घरात एकाच कोपऱ्यात सापडतो. त्या जुन्या एकत्र कुटुंबाची एवढीच खूण शिल्लक आहे. विंडोज २००० बरोबर युनिकोड देवनागरी आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो रेखला होता मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, कवी आणि अध्यापक होते. २००८ साली ते निवर्तले. संकेत कानपूरच्या परंपरेतला आणि वळण मराठी हाताचे, असा हा मिलाफ झाला.

तरीही या साऱ्या प्रवासात एक उणीव राहून गेली. देवनागरी म्हणजे मुख्यत्वे हिंदीची लिपी, असे धरून बरेच निर्णय झाले होते. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण ‘ॲ’चे. हिंदीत इंग्रजी स्वरासाठी ‘ए’वर चंद्र काढतात, मराठीत तो ‘अ’वर काढतात. हिंदीच्या चिन्हाला संकेतसूचीत आरंभीच जागा मिळाली. मराठीचा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोवर ‘अ’ टंकून त्यावर वेगळा चंद्र चढवण्याची कसरत चालू होती.

दुसरे उदाहरण पाऊण ‘र’चे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे मराठीत दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो साधण्यासाठी द्राविडी भाषांतील उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडावा लागतो. दुसरीही एक रीत आहे. तिच्यात साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. दोन्ही रीतींनी पडद्यावर एकच आकार उमटतो. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात.

तिसरे उदाहरण ‘ळ’चे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि आमचे कोशही तोच क्रम पाळतात. संकेतसूचीत त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. निव्वळ संकेतांच्या अंकांनुसार शब्द लावले तर मराठी कोशाचा क्रम बिघडतो. मराठीपुरते क्रमाचे नियम वेगळे लिहून त्यावर उपाय करावा लागतो.

या उणिवा अभियंत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कानपूरच्या प्रयोगशाळेला मराठी वर्णमालेचे बारकावे कोण सांगणार होते? ते सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी मराठीच्या प्राध्यापकांची, कोशकारांची, व्याकरणकारांची होती. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित करणारा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये काढला. इस्की प्रमाण होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवरचा आपला तीन खंडांचा ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयाकडूनच प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ येथे नव्हता. ज्या टेबलावर संकेत ठरत होते, तेथपर्यंत ते ज्ञान पोचवणारी व्यवस्था मात्र नव्हती.

पाठभेदाचा नवा प्रकार

हस्तांतरण ही एकदा घडून संपणारी घटना नसते, असे हा इतिहास आम्हांस सांगतो. तंत्र विद्यापीठातून संस्थेकडे, संस्थेकडून प्रमाणाकडे, प्रमाणातून बाजाराकडे जाते; आणि प्रत्येक टप्प्यावर भाषेविषयी काही ना काही निर्णय घेतला जातो. तो घेणाऱ्याला अनेकदा आपण भाषेचा निर्णय घेत आहोत याची जाणीवही नसते. उलट दिशेनेही वाहतूक होऊ शकते. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले, ते लिपीच्या जुन्या नमुन्यांचा काळजीपूर्वक अभ्यास करून कोणीतरी रीतसर प्रस्ताव मांडला म्हणून. प्रयोगशाळेचे दार आतून बंद नव्हते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना लेखकूंच्या चुका ओळखीच्या असतात. ओवीचा एक शब्द दोन पोथ्यांत दोन प्रकारे आढळला की आम्ही प्रमाण पाठ कोणता याचा विचार करू लागतो. आता एक नवा पाठभेद जन्माला आला आहे. डोळ्याला दोन्ही ‘ॲ’ सारखे, दोन्ही पाऊण ‘र’ सारखे. परंतु एक शोधला तर दुसरा सापडत नाही. उद्याचा अभ्यासक एखाद्या लेखकाच्या समग्र साहित्यात एखादा शब्द किती वेळा आला ते यंत्राला विचारील, आणि यंत्र आत्मविश्वासाने चुकीची संख्या सांगेल. ती चूक ओळखायची तर संहितेखालचा संकेत वाचता आला पाहिजे. ते शिकवण्याचे काम अभियांत्रिकीच्या वर्गाचे नाही. ज्या वर्गात निर्णयसागरच्या खिळ्यांचे कौतुक होते, त्याच वर्गात, त्याच तासाला, ते सुरू करता येईल.